प्लांटेड टँक नैसर्गिक कसा दिसेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लांटेड टँक म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेलं मत्स्यालय. त्यात झाडं तरारलेली असतात, मासे मजेत असतात, पाणी नितळ असतं, आणि तरी टँककडे पाहिलं की काचेच्या पेटीत कुणीतरी सामान मांडून ठेवलंय असंच वाटतं. या एका तक्रारीभोवती जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. काही उत्तरं एकतर्फी वाटतील. ती आहेतच तशी. बरेच टँक बिघडवून झाल्यावर माणसाची मतं ठाम होतात.

सगळं जिवंत आहे, मग टँक खोटा का दिसतो?

कारण त्यातली प्रत्येक वस्तू ठेवलेली दिसते. ओढ्यात कुणी काही ठेवत नाही. दगड वरून घरंगळत येतो, कुठेतरी अडतो, अर्धामुर्धा रुततो. पाणी ज्या अंगाने त्याच्यावर आदळतं तिथली वाळू उकरली जाते आणि मागे, आडोशाला, बारीक वाळू साचते. त्याच दगडाच्या कपच्या त्याच्या पायथ्याशी पडलेल्या असतात. वाहत आलेली फांदी त्याला अडकते, फांदीमागे पालापाचोळा अडकतो, आणि तिथल्या गाळात एखादं झाड मूळ धरतं. एकामुळे दुसरं, दुसऱ्यामुळे तिसरं. पाहणाऱ्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण तुमच्या टँकमध्ये ही साखळी नसेल तर त्याला काहीतरी खटकतं.

माझ्या पहिल्या टँकमध्ये तीन दगड होते. तिन्ही एका उंचीचे, सारख्या अंतरावर, ताठ उभे. मधल्या फटींत एकेक झुडूप. मला ते फार कलात्मक वाटत होतं. घरी आलेल्या एका लहान मुलाने काचेला नाक लावून विचारलं, "हे कुणाचे दात आहेत?" त्यानंतर मला त्या टँकमध्ये जबड्याशिवाय दुसरं काही दिसेना.

तेव्हा टँकमध्ये काहीही ठेवण्याआधी स्वतःला विचारा, हे इथे आलं कसं? पडून, वाहून, की उगवून? उत्तर सुचलं नाही तर ती वस्तू बाहेरच राहू द्या.

नेचर अ‍ॅक्वेरियम, डच, बायोटोप यांपैकी खरं नैसर्गिक कुठलं?

काटेकोरपणे बोलायचं तर बायोटोप. त्यात एका विशिष्ट जागेची नक्कल असते, तिथलेच मासे, तिथलंच पाणी, तिथलाच तळ. पण अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या रिओ निग्रो नदीच्या एखाद्या फाट्याचा प्रामाणिक बायोटोप केलात तर हाती काय येईल? कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी, कुजकी पानं, काटक्या आणि झाडं जवळपास नाहीतच. कार्डिनल टेट्रा मासे त्यात अप्रतिम दिसतात, पण हिरवळ हवी म्हणून आलेला माणूस नाराज होऊन परत जातो.

१९३० च्या दशकापासून चालत आलेली डच पद्धत म्हणजे पाण्याखालची बाग. झाडांच्या रांगा, रंगांचे पट्टे, दगड-लाकूड नावाला. ती सुंदर असते, पण बाग आहे हे लपवत नाही.

आपण ज्याला सर्रास 'नैसर्गिक' म्हणतो ती बहुधा ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांची वाट असते. ते छायाचित्रकार होते, जंगलांचे फोटो काढत हिंडायचे. १९८२ मध्ये त्यांनी जपानमध्ये अ‍ॅक्वा डिझाइन अमानो ही कंपनी काढली आणि 'नेचर अ‍ॅक्वेरियम' हा शब्द रुळवला. त्यांचं शेवटचं मोठं काम लिस्बनच्या ओशनेरियममध्ये आहे, ४० मीटर लांब आणि १,६०,००० लिटरचं. यातली गंमत अशी की त्यांचे कित्येक टँक पाण्याखालच्या जगासारखे नाहीतच. ते डोंगरउताराची, कुरणाची, जंगलाची आठवण करून देतात. म्हणजे नक्कल जागेची नाही, वाढीच्या रीतीची आहे. हे पटलं की बरंच सोपं होतं.

(लाकडाच्या शेंड्यांना मॉसचे गोळे चिकटवून केलेली 'पाण्याखालची झाडं' हल्ली सगळीकडे दिसतात. कौशल्य मान्य, पण मला तो देखावा वाटतो. ज्यांना आवडतात त्यांनी खुशाल करावीत.)

दगड कसे निवडायचे आणि लावायचे कसे?

आधी एक नियम, आणि हा मी कधी मोडत नाही. एका टँकमध्ये एकाच जातीचा दगड. काळा लाव्हा, करडा सेर्यू आणि गुळगुळीत नदीचे गोटे एकत्र आले की ते तीन ठिकाणांहून गोळा केलेत हे लगेच कळतं.

दुसरं, आकारांत धीट फरक ठेवा. जपानी इवागुमी पद्धतीत मुख्य दगडाला ओयाइशी म्हणतात. तो बाकीच्यांपेक्षा ठळकपणे मोठा असतो. त्याच्या जोडीचा फुकुइशी, आधार देणारा सोएइशी, आणि सुतेइशी म्हणजे जवळजवळ दुर्लक्षित राहणारे बारके दगड, जे पुढे झाडीत बुडून जातात. एकूण संख्या विषम ठेवायचा संकेत आहे, कारण संख्या सम असली की डोळा आपोआप जोड्या लावत बसतो.

तिसरं, दगडाच्या रेघा पाहा. ज्या दगडात थर किंवा शिरा दिसतात, त्यांच्या शिरा सगळ्या दगडांत एकाच दिशेने झुकलेल्या हव्यात. एक उभा, एक आडवा, एक तिरपा असं झालं की एकाच कड्याचे तुकडे आहेत हा भास मोडतो. मुख्य दगड थोडा कललेला चांगला दिसतो, जणू प्रवाहाने इतकी वर्षं रेटलाय. आणि तो रुतवा. तिसरा हिस्सा मातीखाली गेला म्हणून हळहळू नका. वर तरंगल्यासारखा बसलेला दगड कितीही देखणा असला तरी कालच आणल्यासारखा दिसतो.

आता सगळ्यात स्वस्त युक्ती. त्याच जातीचा एक वाईट दगड जाड कापडात गुंडाळून हातोडीने फोडा (डोळ्यांवर चष्मा हवा). मोठे तुकडे मुख्य दगडाच्या बुडाशी, मग लहान, मग खडीएवढे, आणि शेवटी बोटांच्या चिमटीतून सोडलेला चुरा. मोठ्या दगडापासून वाळूपर्यंत ही उतरंड लागली की दगड आणि जमीन यांच्यातली कापल्यासारखी रेघ नाहीशी होते.

मांडणी टँकमध्ये करू नका. टँकच्या तळाच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका घ्या, त्यात वाळू घाला आणि आठवडाभर रोज येता-जाता दगड हलवा. परवा मी एक दगड दोन तास फिरवत होतो. शेवटी तो जिथे होता तिथेच राहिला, फक्त त्याची खडबडीत बाजू, जी मी मागे लपवली होती, ती पुढे आली. तेवढ्यानेच जमलं.

दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा. फसफसला तर त्यात चुनखडी आहे, तो पाण्याचा जडपणा वाढवत राहील. सेर्यूही वाढवतो, म्हणून तो वापरणारे पाणी जरा जास्त वेळा बदलतात.

लाकडाचं काय? माझं ड्रिफ्टवुड कायम शिंगांसारखं दिसतं.

बहुतेकदा ते उलटं लावलेलं असतं. मूळ किंवा फांदी जाड टोकाकडून बारीक टोकाकडे जाते. जाड टोक जमिनीत किंवा दगडाआड गेलं पाहिजे आणि बारीक टोकं मोकळी सुटली पाहिजेत. करवतीने कापलेला गोल भाग कुठेही दिसता कामा नये. तो दिसला की बाकी सगळं फुकट. दगडाने, अनुबियाससारख्या झाडाने, मॉसने, जमेल तसा झाका. एकच मोठं, हवं तसं लाकूड मिळणं मुश्कील असतं, त्यामुळे दोन-तीन तुकडे जोडूनच एक बुंधा तयार होतो. जोडावर सुपरग्लू जेल आणि लाकडाचा भुसा लावला की सांधा ओळखू येत नाही.

नवीन लाकूड तरंगतं. उकळा, आठवडा-दोन आठवडे भिजत ठेवा, तरीही ऐकलं नाही तर दगडाला बांधा. पहिल्या काही दिवसांत त्याच्यावर पांढरा, कापसासारखा थर येतो. घाबरू नका, तो आपोआप जातो, आणि श्रिंप (छोटी कोळंबी) असतील तर त्यांची मेजवानी होते. पाणी पिवळसर होणं हेही साहजिकच.

जमिनीला उतार किती द्यायचा?

तुम्हाला वाटतो त्याच्या दुप्पट. ६० × ३० × ३६ सेंटीमीटरच्या टँकमध्ये पुढे ३ सेंटीमीटर आणि मागे १० ते १२. सपाट जमिनीवर मागची झाडं पुढच्यांच्या आड जातात आणि टँक उथळ वाटतो. उतारामुळे तीच ३० सेंटीमीटरची खोली लांबवर गेल्यासारखी दिसते. या मापाला सरासरी ७ सेंटीमीटर धरून १२ ते १३ लिटर माती लागते. सगळीच अ‍ॅक्वासॉइल (टँकसाठी विकत मिळणारी पोषक माती) घालायची गरज नाही. मागच्या बाजूला तळाशी जाळीच्या पिशव्यांत लाव्हा रॉकचे तुकडे भरून ठेवा आणि वर माती घाला. उतार घसरतही नाही. नुसत्या मातीचा उंच उतार काही महिन्यांत बसतो, आणि तळ उकरणारे मासे असतील तर त्याहून लवकर.

गोल्डन रेशो खरंच मोजायचा का?

एकदा मोजा, मग विसरा. गोल्डन रेशो म्हणजे लांबी साधारण ३८ आणि ६२ टक्के अशी विभागणारा बिंदू. ६० सेंटीमीटरच्या टँकमध्ये तो बिंदू एका कडेपासून सुमारे २३ सेंटीमीटरवर येतो. मुख्य दगड किंवा लाकडाचा बुंधा त्याच्या आसपास असला की पुरे. मधोमध ठेवू नका, एवढंच त्यातलं सार. आणि रिकामी जागा सोडायला शिका. एक तरी कोपरा असा हवा जिथे काहीच नाही, फक्त वाळू आणि पाणी. मासे तिथेच जास्त दिसतात.

झाडं कुठली घेऊ आणि कुठे लावू?

कमी जाती, जास्त रोपं. नवशिक्याच्या टँकमध्ये बारा जातींची एकेक जुडी असते, म्हणजे रोपवाटिकेचं नमुन्याचं कपाट. ओढ्याकाठी एक झाड जिथे फावतं तिथे पसरतं, म्हणून एकाच जातीचा मोठा पट्टा दिसतो. ६० सेंटीमीटरच्या टँकला चार-पाच जाती भरपूर झाल्या.

कुठलं झाड कुठे, हे त्याच्या मूळ सवयीवरून ठरवा, निम्मं काम आपोआप होतं. अनुबियास पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, जावा फर्न आग्नेय आशियात आणि बुसेफलँड्रा बोर्निओत ओढ्यातल्या दगडांना धरून वाढतात. म्हणून ती दगडाला किंवा लाकडाला बांधा, फटीत अडकवा. त्यांचं आडवं जाड खोड, रायझोम, मातीत गाडलंत तर कुजतं; माझा पहिला अनुबियास असाच गेला, आणि मी वर त्याला खत घालत होतो. क्रिप्टोकोरीन लाकडाच्या सावलीत, बुंध्याशी शोभतात. लावल्यावर आठवड्याभरात त्यांची पानं विरघळून जातील. रोप उपटू नका, मुळं जिवंत असतात आणि नवी पानं येतात. रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेली बरीच झाडं पाण्यात गेल्यावर जुनी पानं टाकतात, तेही याच हिशोबात.

मागे स्टेम प्लांट्स, म्हणजे उभ्या काडीवर पानं येणारी झाडं. रोटाला रोटुंडिफोलिया घ्या. पानं बारीक आहेत आणि छाटणी सहन करते. पानांचा आकार हे टँकमधलं मोजमापाचं साधन आहे. मोठं पान असलेलं अ‍ॅमेझॉन स्वोर्ड मधोमध लावलंत तर ६० सेंटीमीटरचा टँक अचानक डबा वाटायला लागतो. बारीक पानांत तोच टँक दरी वाटू शकतो. पुढे जरा मोठं पान आणि मागे बारीक, असं केलं तर खोली आणखी वाढते. वाळूची पायवाट काढणार असाल तर तीही पुढे रुंद, मागे निमुळती.

पुढच्या गालिच्यासाठी एलिओकॅरिस किंवा मॉन्टे कार्लो. लांब चिमट्याने पाच-सहा काड्यांची एकेक चिमूट, दोन-तीन सेंटीमीटर अंतरावर, तिरकी खोचायची. सरळ खोचली की चिमटा बाहेर काढताना मागोमाग तीही वर येते. आणि रांगा पाडू नका. हात नकळत रांगा पाडतो, शेतात लावणी केल्यासारख्या.

शेवटी कडा. दगडाच्या मुळाशी जिथे माती लागते तिथे गवताचे चार तुरे, लाकडाच्या बेचक्यात बोटभर मॉस, वाळूच्या काठावर एकच चुकार रोप, जणू बी वाहत आलं. पाच मिनिटांचं काम आहे, पण टँक मुरल्यासारखा दिसतो तो यामुळे.

सीओटूशिवाय (सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडल्याशिवाय) जमेल का?

जमेल. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन, मॉस, व्हॅलिसनेरिया एवढ्यांवर उत्तम टँक होतो, फक्त वेळ लागतो आणि हिरव्या रंगाच्याच छटा मिळतात. दाट गालिचा आणि लालसर रोटाला हवी असेल तर सिलिंडर लावावा.

लावलात तर ड्रॉप चेकरवर, म्हणजे सीओटूचं प्रमाण रंगाने दाखवणाऱ्या छोट्या कुपीवर, लक्ष ठेवा. ४ डीकेएचच्या (कार्बोनेट जडपणाचं माप) द्रावणात तो हिरवा असेल तर पाण्यात साधारण ३० पीपीएम (दहा लाख भागांत ३० भाग) सीओटू आहे, निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे जास्त. तो रंग बदलायला वेळ घेतो, म्हणून त्याच्याआधी माशांकडे पाहा. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करत असतील तर ताबडतोब गॅस बंद करा आणि पाण्यात हवा सोडा. सीओटू लाइटच्या तास-दोन तास आधी सुरू होऊन लाइटबरोबर किंवा थोडा आधी बंद व्हावा. रात्री झाडांना त्याचा उपयोग नसतो.

लाइट किती वेळ?

नव्या टँकला ६ तास, झाडं रुळल्यावर ८ पर्यंत. टायमर लावा. सगळीकडे सारखा लख्ख उजेड पाडू नका. लाकडाखाली, मागच्या एका कोपऱ्यात सावली राहू द्या. अंधारी जागा असली की तिच्यापुढेही काहीतरी असेल असं वाटतं.

मासे कुठले शोभतील?

लहान, एकाच जातीचे आणि पुष्कळ. एम्बर टेट्रा जेमतेम २ सेंटीमीटरचा असतो. असे १५ मासे थव्याने गेले की मागचा दगड कड्याएवढा वाटतो. त्याच टँकमध्ये एक एंजलफिश सोडा, तोच कडा विटेएवढा होतो. पाच जातींचे दोन-दोन मासे हा झाडांसारखाच नमुन्याच्या कपाटाचा प्रकार, शिवाय थव्यात राहणारे मासे दोघंच असले की बिथरून लपतात.

टँक तयार होण्याआधी मासे सोडू नका. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि नवी अ‍ॅक्वासॉइल स्वतःच अमोनिया सोडत असते.

शेवाळ आलंय. सगळं खरवडून काढू?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपण मॉसलाही शेवाळ म्हणतो आणि अल्गीलाही. मॉस आपण लावतो, अल्गी न लावता पसरते. इथे प्रश्न अल्गीचा आहे.

पुढची काच साफ ठेवा. झाडांच्या पानांवरचं काढा. पण मागच्या दगडावर हिरवा पातळ थर धरला असेल तर त्याला हात लावू नका. तो दगड कित्येक वर्षं पाण्यात असल्यासारखा तेवढ्यानेच दिसतो. ब्रशने घासून चकचकीत केलेले दगड मला फरशीसारखे वाटतात.

पहिल्या महिन्यात येणारा तपकिरी थर डायटम नावाच्या सूक्ष्म अल्गीचा, तो बहुधा स्वतःच ओसरतो. काळ्या दाढीसारखे तुरे मात्र गंभीरपणे घ्या. सीओटू कधी जास्त कधी कमी होत असेल तर ते हमखास येतात. अमानो श्रिंप धाग्यासारखी अल्गी मन लावून खातात. अमानोंनीच त्यांना या कामाला लावलं, म्हणून ते नाव. त्यांची पिल्लं निमखाऱ्या पाण्याशिवाय वाढत नाहीत, त्यामुळे टँकमध्ये त्यांची संख्या वाढायची वाट पाहू नका.

पाइप, हीटर, मागची काच?

हीटर आणि पाइप मागच्या कोपऱ्यात, उंच झाडांआड. जमल्यास काचेचे पाइप. मागच्या काचेला डोंगर-समुद्राचं छापील चित्र नको. काळा कागद किंवा दुधी फिल्म लावा. काळ्यावर रंग उठतात, दुधीवर अंतर वाटतं.

वाळूची पायवाट दोन महिन्यांत मातीत मिसळली. काय चुकलं?

मध्ये बांध नव्हता. भरताना पुठ्ठ्याची पट्टी उभी करून एका बाजूला माती, दुसऱ्या बाजूला वाळू घाला; पट्टी काढण्याआधी सीमेवर मातीच्या बाजूने मुठीएवढे दगड आणि त्यांच्या फटींत कपच्या दाबून बसवा. तरीही मातीचे काळे दाणे वाळूवर येतच राहतात. पाणी बदलताना ते सायफनने ओढून घ्यायचे, वरून चिमूटभर नवी वाळू टाकायची. याला कायमचा इलाज नाही. थोडे दाणे सांडलेले असतील तर उलट बरं दिसतं.

टँक लावून तीन आठवडे झाले, अजून फोटोसारखा दिसत नाही.

दिसणारही नाही. ज्या फोटोंशी तुम्ही तुलना करताय ते टँक तीन-चार महिने वाढवून, दोन-तीनदा छाटून, पाइप बाहेर काढून टिपलेले असतात. रोटालाची एक काडी छाटली की त्या जागी बहुतेकदा दोन फुटतात. दाट झुडूप तयार होतं ते अशा छाटण्यांतून. पहिली छाटणी वाटते त्यापेक्षा खाली करा. टँक आठवडाभर बोडका दिसेल, त्या आठवड्यात पाहुणे बोलावू नका. छाटताना झुडपाचा माथा सपाट न ठेवता बाजूला उतरता ठेवा, नाहीतर कुंपण तयार होतं.

एक दगड खटकतोय. आता हलवू का?

टँकचा फोनवर फोटो काढा, तो कृष्णधवल करा आणि उलटा धरून पाहा. रंग गेला, ओळखीचं चित्र गेलं की फक्त वजन उरतं. तेव्हाही तोच दगड डोळ्यात आला तर त्याच्यापुढे आधी एक झुडूप वाढवून पाहा, महिनाभर थांबा. इतकं करूनही खटकला तर हलवा, पण अ‍ॅक्वासॉइलमध्ये रुतलेला दगड उपटला की खालचा गाळ सगळ्या टँकभर उठतो. म्हणून आधी पाणी निम्म्याच्या खाली आणा, सायफनची नळी दगडाच्या बुडाशी सुरू ठेवा, दगड हळूहळू कलता करत काढा, आणि लगेच पाणी बदला. माझा एक दगड चार महिने असाच खटकत होता. हलवायचा म्हणून बाही वर सारली, तर त्याच्या मागे श्रिंपने कात टाकलेली दिसली आणि बाजूला ती स्वतः, नव्या मऊ अंगाने, त्या दगडाच्या फटीत दडून बसलेली. तो दगड अजून तिथेच आहे.